माजघरातले डोळे

मु. खांब, ता. रोहा
१२ जून १९९४

सौ. गिरजाबाई यांना खांबहून कृष्णाबाईचा नमस्कार.

लग्नात आपण दोघी विहिणी निवांत बोललोच नाही. मानपान, रुसवेफुगवे आणि पंगती यातच दिवस गेला. तेव्हाचं राहिलेलं आता कागदावर बोलते.

आमचा गणपती कोलाडचा एक कारागीर करायचा. तो यंदा मुलाकडे निघून गेला. मग म्हटलं, पेणला गणपतीच्या कारखान्यात विहीण मिळालेली असताना आपण दुसरं दार कशाला वाजवायचं? प्रणितच्या हाती आमचा पाट पाठवते आहे. सासऱ्यांच्या वेळचा फणसाचा पाट आहे. देव त्याच पाटावर घडला पाहिजे आणि त्याच पाटावर घरी आला पाहिजे, ही आमची रीत.

आता गणपती कसा हवा ते लिहिते, म्हणजे मागाहून घोळ नको. पितांबर लालभडक. शेला हिरवा. चमकी हात न आखडता. आणि डोळे मोठे, टकामका समोर बघणारे. आमच्याकडे तोंडावरचा रुमाल काढला की लहान पोरं एक पाऊल मागे सरतात, इतका तो बघतो. लग्न होऊन आले तेव्हा मीही सरले होते. अजूनही दरवर्षी छातीत धस्स होतं. प्रणितने तुमच्या कारखान्यातले फोटो दाखवले. कामाला नाव ठेवायला जागा नाही, पण रंग फिके वाटले. ते आमच्याकडे चालायचे नाहीत.

मृणाली बरी आहे. कामाला वाघ आहे, उलट बोलत नाही. पण फार गप्प असते. काम झालं की भिंतींकडे बघत बसते. माझ्या घरात काय आहे बघायला? देवांची कॅलेंडरं, दाराला मोत्यांचं तोरण, काचेच्या चौकटीत मी केलेली मण्यांची राघू-मैना. लग्नाआधी केली होती, हे गेले त्या वर्षी सगळी उसवून पुन्हा ओवली, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. कधी वाटतं, तुमच्या पोरीला माझं घर म्हणजे जत्रेतलं दुकान वाटत असेल. विचारायचा धीर होत नाही.

तुमची,
कृष्णाबाई


पेण
२१ जून १९९४

गं. भा. कृष्णाबाईंना गिरजाबाईचा नमस्कार.

पाट पोचला. तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, मग परत हसले. लाल पितांबर, हिरवा शेला आणि वर चमकी! अहो विहीणबाई, घरात देव बसवायचा आहे की वरातीतला घोडा सजवायचाय?

थट्टा सोडा. साचा भरायला आमच्याकडे माणसं आहेत, रंग मारायला आहेत. डोळ्यांची आखणी मात्र मी या घरात आले तेव्हापासून माझ्याकडे. माझ्या गणपतीचे डोळे अर्धे मिटलेले असतात. तो बाहेर बघत नाही, आत बघतो. त्याच डोळ्यांसाठी मुंबईहून माणसं येतात आणि मूर्तीपुढे उभी राहून बोलायची थांबतात. आमचा माणूस, नाथा, म्हणतो की आखणी झाली की कारखान्यात चप्पल घालून फिरायची लाज वाटते.

मृणाली या रंगांत वाढली. तिची नजर माझीच आहे. आखणीला मी तिला कधी बसवलं नाही, हात जड आहे तिचा, पण चांगलं कुठलं आणि भडक कुठलं हे तिला न सांगता कळतं. तुमच्या घरी ती गप्प असेल तर मनाला लावून घेऊ नका. डोळ्यांना नव्या घराची सवय व्हायला वेळ लागतो.

गणपतीचं माझ्यावर सोडा. एकदा माझ्या हातचा बसवून बघा. पुढच्या वर्षी तुम्हीच म्हणाल, गिरजाबाई, पुन्हा तसाच पाहिजे.

तुमची,
गिरजाबाई


खांब
१७ जुलै १९९४

सौ. गिरजाबाई,

घोड्याचं वाचून मीही हसले. नंतर दोन दिवस नाही हसले.

आज लिहिते आहे ते वेगळं. लावणी चालू आहे. सोमवारी शेतावरून आले, पाय धुतले, वर बघते तर भिंतीवर राघू-मैना नाही. नुसता खिळा. मी विचारलं, "मृणाली, राघू-मैना कुठं हाय गो?" म्हणाली, "काढून ठेवलीय, आत्याबाई." "का गो?" तर खाली बघून भाकरी थापत राहिली. मी पाय पुसून आत गेले. काय बोलणार? नवी सून, आणि मी विधवा बाई, लोक कोणाच्या बाजूने बोलतील ते सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात प्रणित म्हणाला, "आई, रोह्याला कंपनीजवळ खोली बघतोय. रात्रपाळीला बरं पडंल." शिफ्ट तर तो लग्नाआधीपासून करतो आहे. तेव्हा खांब लांब नव्हतं. विचारलं, "मृणालीला इचारलंस का?" तर म्हणतो, "अजून नाय इचारलं." नवरा-बायकोत असं असतं का? मला खरं वाटलं नाही.

तुमच्यापाशी सरळ बोलते. मला राग नाही, भीती वाटते. या घरात आता आम्ही तिघंच. ती दोघं गेली तर मी या भिंतींशी बोलणार. आणि त्या भिंतींवर मी हाताने जे लावलं, तेच पोरीला बघवत नाही म्हणून घर मोडणार असेल, तर मला आधी सांगा. सगळं उतरवून ठेवीन. भिंती पांढऱ्या करून घेईन. तुम्ही आई आहात, तिच्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत असेल.

कृष्णाबाई


पेण
४ ऑगस्ट १९९४

गं. भा. कृष्णाबाई,

मृणाली आखाडाची येऊन राहून गेली. तुमच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलली नाही. मी खोदून खोदून विचारलं, तर मासळीसारखी हातातून निसटली. राघू-मैनेचं विचारलं तर गोरीमोरी झाली. खोलीचं विचारलं तर हसली. आम्ही हंगामात बुडालेलो, मला तरी बसून बोलायला वेळ कुठे होता? जाताना फळीवरची अभ्रकाची पुडी आणि भडक लाल नि सोनेरी रंगाच्या डब्या मागितल्या. "शेजारच्या पोरांना देईन," म्हणाली. आमच्याकडे ते कोणी वापरत नाही, म्हटलं ने बाई.

तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ लिहिते, राग मानू नका. प्रत्येक मुलीला वाटतं, आपल्या मनासारखं घर मांडावं. राघू-मैना तुम्ही जीव लावून केली असेल, पण तिच्या डोळ्यांना नसेल रुचत. त्यासाठी भिंती पांढऱ्या करायला नकोत. रोह्याला खोली घेतली तर जग बुडणार नाही. सणावारी येतीलच की.

तुमचा गणपती झाला. तुम्ही सांगितलात तसा नाही, हे आताच कबूल करते. पितांबर केवड्याच्या पातीसारखं, शेला नुसता भगव्याची झाक असलेला. शाडूचा मूळ रंग अंगावर ठेवलाय, वर अगदी पातळ हात दिला आहे. डोळे काढले त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, ब्रश ठेवला आणि मीच उठून हात जोडले. इतकी शांत नजर माझ्या हातून आजवर उतरली नव्हती. ती तुमच्या पाटावर उतरली, तेव्हा तुमचं नशीब म्हणायचं.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी नाथा टेम्पोने आणून देईल. जागेवर बसल्याशिवाय रुमाल काढू नका.

गिरजाबाई


खांब
१० सप्टेंबर १९९४
(प्रणितच्या हाती)

सौ. गिरजाबाई,

काल गणपती बसला. पण बसायच्या आधी जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं.

नाथाने देव माजघरात जागेवर ठेवून दिला आणि चहा घेऊन गेला. मी समई लावली. आळीतल्या बायका जमल्या होत्या. रुमाल काढला. गिरजाबाई, मला देव दिसला नाही. पाट दिसला आणि पाटावर धुकं बसावं तसं काहीतरी दिसलं. तोंड कुठे, हात कुठे, मी शोधत राहिले. शेजारची मालू म्हणाली, "काकी, बाप्पा निजलाय का गो?" बायका हसल्या. मी पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेले. मला वाटलं, तुम्ही दोघी मायलेकींनी मिळून मला शहाणं करायला हा गणपती पाठवलाय.

तेव्हा मृणालीचा आवाज आला. चार महिन्यांत मी तो इतका मोठा ऐकला नव्हता. "आत्याबाई, सगळ्यांना बाहेर न्या. प्रतिष्ठा व्हायची आहे अजून. उद्या संध्याकाळपर्यंत माजघरात कोणी यायचं नाही." आणि दार लावून घेतलं. हरतालिकेचा उपास, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि पोर दिवसभर आत.

तिने तुमच्या हातच्या कामावर हात चालवला आहे. ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून मी लिहिते. आत काय झालंय ते मला लिहिता येत नाही. काल समईच्या उजेडात तो बघितला आणि मी जमिनीवर डोकं टेकलं, इतकंच सांगते.

रागावून या, नाहीतर हात जोडून या, पण गौरी जायच्या आत या. प्रणित तुम्हाला घेऊन येईल.

कृष्णाबाई


पेण
१६ सप्टेंबर १९९४

गं. भा. कृष्णाबाई,

घरी आल्यापासून ब्रश हातात धरला नाही. आमच्याकडच्या माणसांना वाटतं हंगामाचा शीण आहे. वाटू दे.

मी भांडायला आले होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आखणीवर आजवर कोणी हात फिरवलेला नाही, आणि माझ्याच पोटच्या पोरीने फिरवला. एसटीत प्रणित बिचारा खिडकीबाहेर बघत बसला होता. नागोठण्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होते. तुम्हाला काय बोलायचं, तिला काय बोलायचं, सगळं तयार होतं.

ओटीवर लख्ख उजेड होता. माजघराच्या उंबऱ्यात आले आणि डोळ्यांपुढे अंधार. बाहेर दुपार, आत काही दिसेना. मी म्हटलं, "अहो, दिवा लावा ना." तुम्ही म्हणालात, "समई हाय की. गणपतीम्होरं विजेचा दिवा आमच्यात चालत नाय." असं म्हणालात, जसं काही हे साऱ्या जगाला माहीत आहे. विहीणबाई, तुम्ही पितांबराचा रंग लिहिलात, शेल्याचा लिहिलात, आणि हे नाही लिहिलंत! आणि मीही कधी विचारलं नाही की देव बसणार कुठे. मी आपली कारखान्याच्या उघड्या दारात, दिवसाच्या उजेडात केवड्याची पात रंगवत बसले.

मग तो दिसला. दिसला म्हणते खरी, पण आधी त्याने मला बघितलं. काळोखातून दोन डोळे, पांढरेशुभ्र, काळ्याभोर बुबुळांचे, सरळ माझ्यावर. मी उंबऱ्यावरून मागे सरले. या वयात, शेकडो देवांना डोळे देऊन झाल्यावर, लहान पोरीसारखी मागे सरले. तुम्ही तेल घालायला वाकलात, ज्योत हलली, आणि त्याच्या अंगावरून उजेड चालत गेला. पोटावरून सोंडेवर, सोंडेवरून कपाळावर. फळीवरचं आमचं ते अभ्रक, धूळ खात पडलेलं! मला वाटलं त्याने श्वास घेतला. लाल रंग भडक नव्हताच तिथे. निखाऱ्यासारखा आतून तापलेला होता. मी आयुष्यभर देव घडवले, कृष्णाबाई. समोर देव आहे असं मला त्या दिवशी वाटलं. हात जोडायचंसुद्धा सुचलं नाही. नागोठण्यापासून जुळवलेली वाक्यं उंबऱ्याबाहेरच राहिली.

माझे डोळे तिने पुसले नव्हते. पापणी मी जिथे ठेवली होती, तिथूनच तिने ती उचलली होती. खाली माझी रेघ तशीच आहे. जड हात म्हणत होते मी तिचा. त्या रेघेत कुठेही हात कापलेला नाही.

तुम्ही चहा टाकायला गेलात तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. "आई, रागावलीस?" मी म्हटलं, "हे तुला कधीपासून आवडतं?" तर म्हणाली, "पहिल्यापासून. तुझे गणपती सुंदर असायचे गं, पण मी समोर उभी राहिले तरी बघायचे नाहीत. लहानपणी मी खोकायची, टिचकी वाजवायची. मला बघणारा देव हवा होता." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस कधी?" "तुझी आखणी चालू असायची. तेव्हा कोणी बोलायचं नसतं ना."

आणि मी गावभर सांगत होते, पोरीची नजर माझीच आहे.

मग तिने ट्रंक उघडून तुमची राघू-मैना दाखवली. तुम्हालाही तिने ती तोवर दाखवली नव्हती. दमट हवेने दोरा कुजला होता, मणी निसटायला लागले होते. नवीन दोऱ्यात ओवताना तुम्ही पंखाशी मणी कसे वळवलेत ते तिला उमगेना, म्हणून दोन महिने उसवते आहे आणि परत ओवते आहे. म्हटलं, सासूला विचारायचंस. तर म्हणे, "त्यांना वाटलं असतं मी मोडली. पुरी करूनच लावायची होती." मैनेच्या मानेवर हिरव्यातून निळ्यात रंग कसा गेलाय ते मला बोट लावून दाखवत होती. मी नीट बघितलं. खरंच, कुठे हिरवा संपतो ते सापडत नाही. मला ते तिने दाखवेपर्यंत दिसलं नसतं.

"या घरात पहिल्या दिवशी आले आणि भिंती बघितल्या," म्हणाली, "तेव्हा इतकं छान वाटलं की काय बोलावं तेच सुचेना." ऐकलंत? तुम्हाला वाटत होतं पोर नाक मुरडते आहे. मला वाटत होतं तिला तुमचं घर सहन होत नाही. आणि ती आपली तोंडात बोट घालून बघत बसली होती.

पोर मी वाढवली, आणि तिच्या मनासारखं घर तुमचं निघालं. मला तुमचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, म्हणजे पोटात राहायला नको. मागच्या पत्रात खोलीबद्दल जे लिहिलं होतं ते फाडून चुलीत घाला. खोलीचं काय झालं ते कळवा. मला झोप लागत नाही.

गिरजाबाई


खांब
२० नोव्हेंबर १९९४

सौ. गिरजाबाई,

उत्तराला उशीर झाला. भात कापायला आलं, मग झोडणी. आता जरा पाठ टेकली.

खोलीचं आधी सांगते. ते खूळ प्रणितचंच होतं. त्याला वाटत होतं, आई आणि बायको एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणजे आत काहीतरी धुमसतंय, स्फोट व्हायच्या आत बायकोला उचलून न्यावी. शहाणाच आहे. परवा खळ्यावर त्याने पुन्हा विषय काढला, तर मृणाली म्हणाली, "तुम्ही घ्या की खोली. रात्रपाळीला झोपायला होईल. मी इथे आत्याबाईंजवळ राहते." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी भाताच्या पेंढीमागे जाऊन हसून घेतलं. आता तो स्कूटरचं बोलतो आहे.

गौरी-गणपती ओढ्यावर नेले तेव्हा दुसऱ्या आळीच्या बायका पुढे येऊन येऊन बघत होत्या. एकीने विचारलं, "डोळे कुणी काडलं गो?" मी म्हटलं, "माझ्या सुनेनं." मग जीभ स्वस्थ बसेना. म्हटलं, "पेणच्या गिरजाबाईच्या लेकीनं." दोन्ही म्हटलं तेव्हा बरं वाटलं. देव पाण्यात गेला तरी ते डोळे पाण्याखालून वर बघत होते. मृणाली रडली, मी रडले, आणि मालूसुद्धा रडली, जी निजलाय का म्हणून हसली होती.

संध्याकाळी आता आम्ही दोघी मणी घेऊन बसतो. पोरगी बोलायला लागली की थांबत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? कारखान्याचं सांगते. तुम्ही ब्रश कसा धरता, ओठ कसा दाबता, डावा डोळा आधी का काढता. तासन्‌तास तुम्हाला बघत बसायची म्हणते. माझ्या भिंतींकडे ती चार महिने हौसेने बघत होती ते तुम्ही लिहिलंत आणि मी हरखले. तुमच्याकडे ती जन्मभर बघत होती, गिरजाबाई.

माघी गणपतीचं काम तुमच्याकडे पौषात सुरू होतं ना? तिला पाठवते आहे. ती मागणार नाही, म्हणून मीच पाठवते. आळीत विचारतील, सून एवढी माहेरी कशाला, रुसली काय? विचारू दे. आषाढात असं कोणी म्हटलं असतं तर मी अंथरूण धरलं असतं.

तिला आखणीला बसवा. मोठे डोळे काढील. तुमच्या मुंबईकरांना नाही आवडले तर इकडे पाठवून द्या, खांबला काळोखी माजघरं पुष्कळ आहेत. आणि एवढं माझं ऐका. ती समोर बसलेली असेल, तुमचा डोळा अर्धा काढून झालेला असेल, आणि तिने काही बोलायला तोंड उघडलं, तर ब्रश खाली ठेवा आणि तिच्याकडे बघा. देव थांबेल.

तुमची,
कृष्णाबाई